भिंतीवरचा जिताडा

ठाणे पूर्वेला, मीठबंदर रोडच्या बाजूला आमची सोसायटी. कंपाउंडची लांब भिंत गल्लीकडे आणि गल्लीपलीकडे चेंदणी कोळीवाड्यातली घरं. दोन वर्षांपूर्वी या भिंतीवर एका रात्रीत फ्लेमिंगो आले. संध्याकाळी कामावरून आले तेव्हा भिंत कोरी होती. सकाळी दुधाला उतरले तर तीस-चाळीस गुलाबी पक्षी, सगळे एकाच साच्यातले, आणि खाली स्वच्छतेचा संदेश. पहिल्या पावसात लोणा, म्हणजे भिंतीतला खार, वर आला, रंगाचे पोपडे सुटले आणि श्रावणापर्यंत त्या पक्ष्यांना पाय राहिले नाहीत. कुणालाच वाईट वाटलं नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

फ्लेमिंगोंशी माझं भांडण नाही, ते आमचेच आहेत. ठाणे खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, याचा मला अभिमान आहे. पण ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून खुबे नि चिंबोऱ्या काढणाऱ्या बायका याच गल्लीत राहतात. हे पक्षी कधी येतात, कुठे उतरतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? भिंत त्यांच्या दारासमोर रंगली, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत मी ती भिंत मागून घेतली. रंगाला वर्गणी काढली. आधी आठवडाभर नुसतं खरवडणं चाललं. तारेच्या ब्रशने लोणा काढायचा, भिंत धुवायची, वाळू द्यायची. गल्लीतली मुलं शाळेतून आली की हातात पत्रा घेऊन हजर. खरं सांगू, चित्राची सुरुवात तिथेच झाली. खरवडताना लोक थांबायचे, काय काढणार विचारायचे आणि आपापलं सुचवून जायचे.

मुलांनी खाडी काढायचं ठरवलं. खडूने मासे काढले, ते पुस्तकातल्या माशांसारखे. समोरच्या मावशी टोपली खाली ठेवून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "यो काय जितारा हाय?" आणि खडू घेतला. जिताड्याचं कपाळ कसं आत दबलेलं असतं, खालचा जबडा कसा पुढे येतो, शेपटी कशी गोल, हे त्यांनी तीन रेघांत काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच भिंतीवर काढत होत्या. हात जराही थरथरला नाही.

त्यानंतर भिंत आमची राहिली नाही. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. आमच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, चुकली होती, ती त्यांनी पुसायला लावली. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकताना माणूस कुठल्या पायावर जोर देतो ते त्यांनी गल्लीत उभं राहून दाखवलं, मुलांनी त्यांची सावली भिंतीवर गिरवली. आमच्या सोसायटीत पंधरा-पंधरा वर्षं राहणाऱ्या माणसांना पाग हा शब्द त्या दिवशी कळला. त्यात मीही होते.

आता पुलाखालच्या खांबांवर वारली चित्रं दिसली की मला राहवत नाही. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू आपल्याच जिल्ह्यात होतं. 2011 साली पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे तिथल्याच गंजाडचे. वारल्यांच्या घरी भिंतीवरचा लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाने, सोबत गाणी म्हणत. लग्नघरातलं माणूस त्या कामात असतं. एवढी जिवंत माणसं गाडीने दोन-अडीच तासांवर असताना साचा ठेवून फवारा मारायचा, हे मला पटत नाही. त्यांना बोलवा, मानधन द्या, दिवसाउजेडी लोकांसमोर काढू द्या. पाडव्याला मोठी रांगोळी घालताना आपण सारे ठाणेकर कडेला तासन्‌तास उभे राहतो की नाही? पूर्ण झालेली रांगोळी बघण्याइतकंच ती घातली जाताना बघण्यात सुख असतं.

शहरातल्या भिंती रंगवून घेणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. भिंत रंगवायचं काम देताना चौरस फुटाचा दर लावता, तसे पंधरा दिवस त्या गल्लीशी बोलण्यासाठीही धरा. त्या दिवसांचे पैसे चित्रकाराला द्या. चित्र कदाचित कमी गुळगुळीत होईल. आमच्या भिंतीवर एक चिंबोरी होडीपेक्षा मोठी आहे, कारण ती काढणाऱ्या मुलीला चिंबोरी फार आवडते. ती तशीच राहणार. वर्षभरात त्या भिंतीवर कुणी थुंकलेलं मी पाहिलं नाही. पाटी मात्र आम्ही लावलेली नाही.

या पावसाळ्यात खालचा फूटभर भाग पुन्हा लोण्याने खाल्लाय. खाडीकाठी तो लागणारच, दर वर्षी हात फिरवावा लागेल. परवा मावशींनी निरोप पाठवला की जिताड्याचा डोळा गेलाय, लवकर करा. रविवारी सकाळी सातला सुरू करतोय. जवळपास असाल तर जुने कपडे घालून या, पत्रे आणि ब्रश आहेत. डोळा मात्र मावशीच काढणार आहेत.