पाचवी तार, एक तास आणि शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन

“मामा, बेसच्या हेडला भोक पाडायचंय, कितीचं बिट आणू? मशीन शेजाऱ्यांकडून आणलंय.” भाच्याच्या या प्रश्नाखाली तो फॉरवर्ड चिकटवलेला होता. बेस वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर तो सध्या इतका फिरतोय की बहुतेकांनी वाचला असेलच. ज्यांची सुटका झाली त्यांच्यासाठी थोडक्यात: चार तारांचा इलेक्ट्रिक अपराइट बेस (उभा धरून बोटांनी किंवा गजाने वाजवायचं, खर्जाच्या स्वरांचं भरीव वाद्य) घरच्या घरी एका तासात पाच तारांचा होतो. पोकळ पेटी नसल्यामुळे ताणाची काळजी नको. जुन्याच नटवर (खुंट्यांजवळची, तारा टेकतात ती पट्टी) आणि ब्रिजवर (दुसऱ्या टोकाची घोडी) खाचा नव्याने पाडायच्या, हेडला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, भोक पाडून गिटारची एक खुंटी बसवायची. तार खास आणायची नाही (चार तारांचे सूर खालून वर ई, ए, डी, जी). जास्तीची ई लावून ती ढिली केली की खालचा बी, जास्तीची जी लावून ती चढवली की वरचा सी. बेस गिटारची बी तार पडून असेल तर तीही चालते. पिकअपला (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) काही करावं लागत नाही. आणि नाही आवडलं तर पाचवी तार काढा, बेस होता तसा.

भाच्याला “ड्रिल खाली ठेव” एवढंच कळवलंय. बाकीचं इथे लिहितो, कारण बिट विकत घ्यायला निघालेला तो एकटाच नसणार.

सुरुवात त्या जी तारेपासून, कारण बाकीच्या सल्ल्यांनी वाद्य बिघडेल, या सल्ल्याने डोळा जाईल. मारँ मेर्सेन या फ्रेंच साधू-गणितज्ञाने १६३६ साली तारेचा जो नियम छापला, तो अजून कुठल्याही फॉरवर्डने रद्द केलेला नाही: तार तीच आणि लांबी तीच असेल, तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जी म्हणजे ९८ हर्ट्झ, वरचा सी म्हणजे १३०.८. भागाकार १.३३५, त्याचा वर्ग १.७८. म्हणजे तीच जी तार सीपर्यंत चढवायची तर ७८ टक्के जास्त ताण. मध्यम वजनाच्या पोलादी तारेवर साधारण २८ किलो ओढ असते, ती जाते ५० किलोंवर. तार तुटते ती बहुधा नटच्या काठावर किंवा खुंटीच्या पहिल्या वळशावर. आणि अपराइट बेस उभा धरला की ही जागा वाजवणाऱ्याच्या डोक्याशेजारी असते. नाहीच तुटली, तर खुंटीचे दाते झिजतात नाहीतर तिचे स्क्रू लाकडातून वर येतात. वरच्या सीसाठी वेगळी, हलकी तार बनते, ती याच कारणासाठी. पाकिटावर ‘हाय सी’ असं लिहिलेली तार मागा. दुसरी कुठलीही नको.

ई ढिली करून बी काढण्यात इजा काही नाही, फक्त आवाज निघत नाही. ई ४१.२ हर्ट्झ, बी ३०.८७. याच नियमाने ताण उरतो ५६ टक्के. २८ किलोंचे सोळासुद्धा नाहीत. अशी तार छेडली की हातभर झुलते, फिंगरबोर्डवर (तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीवर) आपटते, आणि छेडल्या क्षणी स्वर वर चढून मग खाली येतो, त्यामुळे ट्यूनरचा काटाही एका जागी थांबत नाही. गजाने तर ती नुसती घरघरते. यासाठी मेर्सेनपर्यंत जायचीही गरज नव्हती. मिरजेत तंबोरे करणाऱ्या कुणालाही विचारा, जोडाची तार ढिली करून खर्ज का लावत नाहीत. खर्जाला जाड तार लागते. फार तर ई उतरवून डी करा. ताण ७९ टक्के राहतो आणि तार तेवढं सोसते. त्याच्या खाली नाही.

आता खाचा. मेसेजमधलं हे सगळ्यात निरागस वाक्य, आणि सगळं घोडं इथेच अडतं.

चार तारांच्या बेसचा नट साधारण ४४ मिलिमीटर रुंद असतो. पहिल्या तारेच्या मध्यापासून चौथीच्या मध्यापर्यंत ३२ मिमी धरा, म्हणजे दोन तारांत साडेदहाच्या आसपास. त्याच ३२ मिमीत पाच तारा कोंबल्या की अंतर आठवर येतं. बीची तार सव्वातीन मिमीच्या घरात जाड, ई अडीचच्या वर. दोघींची अर्धी-अर्धी जाडी वजा केली की मधे मोकळी जागा उरते पाच मिमी. बोटाचं टोक त्याच्या तिप्पट रुंद. नटजवळ ईवर एफ दाबायला गेलात की बोटाची कड बीवर बसते. ती दाबलीही जात नाही आणि मोकळीही राहत नाही, नुसती खरखरत बसते. सरावाने हे सुटत नाही, कारण बोट बारीक होत नाही.

ब्रिजवर तर भूमितीच आडवी येते. गजाने मधली एकच तार वाजायची, तर ती शेजारच्या दोन तारांना जोडणाऱ्या रेषेच्या वर हवी. किती वर, ते कमानीची त्रिज्या आणि तारांतलं अंतर ठरवतं: अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट. कमानीची त्रिज्या ८० मिमी आणि बाहेरच्या तारांमध्ये ८० मिमी धरा. चार तारांना अंतर पावणेसत्तावीस, म्हणून मधली तार साधारण साडेचार मिमी वर. पाच तारांना अंतर २०, आणि उंची अडीच मिमी. जरा जोर दिला की गज दोन तारांवर बसतो. मग कमान जास्त गोल करावी, असं वाटेल. साडेचार मिमी परत मिळवायला त्रिज्या ४५ वर आणावी लागते, आणि त्या कमानीत कडेच्या तारा मधल्या तारेपेक्षा २४ मिमी खाली जातात. आधी त्या ११ मिमी खाली होत्या. खालचा फिंगरबोर्ड मात्र जुन्याच कमानीचा. म्हणजे कडेच्या तारा त्याच्यात रुततील, नाहीतर त्यांना उचलायला मधल्या तारा इतक्या वर न्याव्या लागतील की दाबताना मनगट जाईल. थोडक्यात, पाचव्या तारेसाठी ब्रिज आणि फिंगरबोर्ड दोघांचीही रुंदी आणि कमान नव्याने ठरवावी लागते. नेड स्टाइनबर्गर यांची एनएस डिझाइन कंपनी चार तारांचे आणि पाच तारांचे अपराइट वेगवेगळे बनवून विकते. एका खाचेने भागलं असतं तर दोन मॉडेल कशाला ठेवली असती?

गज कधीच हातात घेणार नसाल, तर ब्रिजवरचे २० मिमी चालतील, हे नाइलाजाने मान्य. पाच तारांच्या बेस गिटारला तर ब्रिजवर त्याहून कमी अंतर असतं आणि लोक त्यावर उत्तम वाजवतात. पण नटवरचे आठ मिमी तेव्हाही आठच राहतात.

“पोकळ पेटी नाही, म्हणून ताणाची काळजी नाही.” अर्धं खरं. लाकडी डबल बेसमध्ये ब्रिजचा दाब पातळ पाटीवर येतो, ती खचू नये म्हणून आत बेस बार आणि साउंडपोस्ट हे लाकडी आधार असतात. भरीव बेसला ही भीती नाही. पण तारा ब्रिजला खाली दाबतात, तशा नेकला (वाद्याच्या मानेला) पुढेही ओढतात, आणि ही ओढ पेटी असो-नसो तेवढीच. २८ किलोंच्या चार तारा म्हणजे ११२ किलो; पाचवी आली की १४०. नेक पुढे वाकते, मधल्या भागात तारा उचलल्या जातात. कित्येक इलेक्ट्रिक अपराइटना ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली सळई) नसतोच. असेल तर तो घट्ट करताना आधी तारा ढिल्या करायच्या, एका वेळी पाव फेरा फिरवायचा, परत सुरात आणून बघायचं. पूर्ण ताणात दोन-दोन फेरे दिले तर रॉडचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती पाचव्या तारेच्या कितीतरी पट महाग पडते.

बेस गिटारची बी तार. ताणाचा प्रश्न नंतर, आधी ती पोचतच नाही. ३४ इंची मापाच्या तारेची जाड गुंडाळी ३६-३७ इंचांत संपते आणि पुढे बारीक शेपूट राहतं. अपराइटवर नुसतं नट ते ब्रिज अंतर ४१ ते ४२ इंच. ताणून-ओढून खुंटीपर्यंत नेलीत तरी वाजत्या भागातच तार पातळ होते आणि सूर धरत नाही. हो, ३४-३५ इंची मापाचे काठीसारखे अपराइट आहेत, त्यांच्यावर ही तार चालते. लिहिणाऱ्याकडे बहुधा तसलाच असावा आणि त्याला वाटलं जग तेवढंच. माप पट्टीने बघा, दुकानदाराच्या शब्दावर नको.

पिकअपचं एका परिच्छेदात उरकतो. ब्रिजच्या पायांखाली एकच पिएझो (दाबातून वीज करणारा पिकअप) असेल तर पाचवी तार ऐकू येईल, कमी-जास्त आवाजात. प्रत्येक तारेला वेगळा पिएझो असेल तर पाचवी जवळजवळ मुकी. मॅग्नेटिक पिकअप असेल तर त्याचे खांब चार तारांखाली आहेत, नव्या अंतराने तारा त्यांच्यावरून सरकतात. शिवाय आत प्रीअॅम्प (मुख्य अॅम्प्लिफायरच्या आधीचं छोटं सर्किट) नसलेला पिएझो थेट साध्या इनपुटला जोडलात, तर नेमका खालचा भाग गळतो: पिएझोची धारिता २ नॅनोफॅरड आणि इनपुटचा रोध १ मेगओहम धरला तर ८० हर्ट्झच्या खालून घसरण सुरू, आणि बी आहे ३१ वर. १० मेगओहमचा प्रीअॅम्प लावला की ही सीमा ८ हर्ट्झवर जाते. हे एक काम मात्र चार तारांच्या बेसलाही फायद्याचं आहे, जरूर करा.

“होता तसा परत करता येतो.” हेडला पाडलेलं भोक परत कसं करतात, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

पाच तारांची हौस खोटी आहे असं मात्र नाही. जर्मनीतल्या ऑर्केस्ट्रांमध्ये पाच तारांचे डबल बेस रोज वाजतात, कारण बेसच्या लिखित संगीतात ईच्या खालचे स्वर येतात आणि ते वाजवावे लागतात. गरज खरी आहे, फक्त तासाभराचं काम नाही.

करायचंच असेल तर क्रम असा. आधी बी की सी ते ठरवा आणि अपराइटच्या लांबीची तीच तार आणा. नट नवा, हाडाचा किंवा शिसवीचा. खाचा आखताना तारांच्या मध्यांत समान अंतर धरू नका, कडांमध्ये धरा, नाहीतर जाड तारा एकमेकींना चिकटतात. खाच गोल कानसीने, तारेच्या जाडीच्या निम्मी खोल. व्हीच्या आकाराच्या खाचेत तार अडकते आणि सुरात आणताना टक्-टक् उड्या मारते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. नटपाशी तार आणि फिंगरबोर्डमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. ब्रिज कोऱ्या तुकड्यातून नवा कापायचा, जुन्यावर प्रयोग नको; तो जपून ठेवा, परतीची वाट तेवढीच आहे. टेलपीसला किंवा तार अडकवायच्या पट्टीला पाचवं भोक, कडा गुळगुळीत केलेलं. खुंटीच्या दांड्याचं भोक जाड तारेला पुरतं का, ते विकत घेण्याआधी बघा, गिटारच्या खुंटीला ते पुरत नाही. हेडमध्ये दोन भोकांच्या मधे लाकूड १० मिमीपेक्षा कमी उरत असेल, तर भोक पाडू नका. मग सगळ्या तारा एकदम न चढवता थोड्या-थोड्या, आळीपाळीने. सुरात आल्या की एक रात्र तशाच ठेवा आणि सकाळी नेकचा बाक मोजा. तारेच्या मध्यावर १ ते २ मिमी असेल तर ठीक. तीनच्या पुढे गेला तर ती नेक पाच तारांसाठी नाही. तारा उतरवा.

आणि खालचे स्वर हवेत म्हणूनच हा खटाटोप असेल, तर भोक न पाडता होण्यासारखा एक मार्ग आहे. रेड मिचेल या जॅझ बेसवादकाने १९६६ पासून चार तारांचाच बेस पंचमाच्या अंतराने लावला: सी, जी, डी, ए. खालचा सी म्हणजे ३२.७ हर्ट्झ, पाच तारांच्या बीपेक्षा फक्त अर्धा स्वर वर. वरची तारही जीऐवजी ए होते, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढ. यासाठी तारांचा वेगळा संच लागतो, तो मिळतो. नटच्या खाचा थोड्या रुंद-अरुंद कराव्या लागतील, बाकी वाद्याला हात नाही. बोटांची जुनी सवय मात्र मोडावी लागते, कारण जागा सगळ्या बदलतात.

तरीही पाचच हव्या असतील, तर भाच्या, आधी नटची रुंदी मोजून कळव. साडेनऊच्या अंतराने पाच तारा म्हणजे ३८ मिमी, दोन्ही कडांना पाच-पाच, एकूण ४८. त्याच्या खाली आली तर मशीन शेजाऱ्यांना आजच परत दे.