व्हीलचेअर, बाथरूम आणि ओला टॉवेल : एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘इमारतीला आग लागल्यास काय करावे’ असा एक संदेश सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : व्हीलचेअरवरील माणसाला ओला टॉवेल देऊन बाथरूममध्ये बसवावे आणि इतरांनी आधी उतरावे, कारण जिन्यात त्याची अडचण होते; लिफ्ट कोणीही वापरू नये; रेफ्यूज एरिया, म्हणजे उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेली जागा, केवळ अग्निशमन दलासाठी असतो; खासगी सोसायटीवर अपंगांबाबत कायद्याचे कोणतेही बंधन नाही; आणि एकदोन रहिवाशांसाठी लाखोंचा खर्च करणे शहाणपणाचे नाही. माझी मावशी अर्धांगवायूनंतर चालू शकत नाही आणि अकराव्या मजल्यावर राहते. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा संदेश आला, त्याखाली शेजाऱ्यांनी हात जोडले, आणि तिने मला फोन करून विचारले, “म्हणजे मी बाथरूममध्ये बसायचं का रे?”

नाही, मावशी. हा सल्ला मूर्खपणाचा तर आहेच, पण जीवघेणाही आहे. आगीत बहुतेक माणसे भाजून नव्हे तर धुराने गुदमरून मरतात, आणि आपल्याकडच्या उंच इमारतींत बाथरूमची छोटी खिडकी बहुधा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडते. खालच्या मजल्यावर आग लागली की हीच डक्ट धुराड्यासारखी वागते. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 रोजी आग तळघरात लागली होती, पण धूर वातानुकूलनाच्या मार्गांतून वरच्या मजल्यांवर चढला आणि नव्वदहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक रुग्ण होते, म्हणजे ज्यांना उठून स्वतः चालत जाता येत नव्हते असे लोक. जिना धुराने भरल्यामुळे खरोखरच अडकून पडावे लागले, तर बाहेरच्या बाजूला खिडकी असलेल्या खोलीत जावे, दार लावून त्याच्या फटीत ओले कापड कोंबावे, 101 वर मजला व खोली सांगावी आणि खिडकीतून कापड हलवून आपण कोठे आहोत ते दाखवावे. हा उपाय बाहेर पडण्याचे सर्व मार्ग बंद झाल्यानंतरचा आहे. शेजाऱ्यांना जिना मोकळा मिळावा म्हणून एखाद्याला आधीच कोंडून ठेवण्याची ती सबब नव्हे.

जिन्यात अडचण होते हेही न तपासता लिहिलेले आहे. जिन्यावरून पट्ट्यांच्या आधारे घसरत उतरणाऱ्या खास खुर्च्या मिळतात, आणि त्या चालवायला पैलवान लागत नाही, थोडा सराव लागतो. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 1993 च्या बॉम्बस्फोटानंतर अशा खुर्च्या आणल्या गेल्या होत्या. 11 सप्टेंबर 2001 रोजी हातापायांनी अधू असलेल्या एका कर्मचाऱ्याला त्याच्या सहकाऱ्यांनी तशाच एका खुर्चीतून 69 व्या मजल्यावरून खाली सुखरूप आणले.

लिफ्टचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, तेवढे मान्य करावे लागते. नेहमीची लिफ्ट आगीत वापरू नये, कारण वीज गेली की ती मध्येच अडकते. परंतु उंच इमारतीत अग्निशमन दलासाठी वेगळ्या वीजपुरवठ्याची लिफ्ट असते, आणि दलाचे जवान आल्यावर त्यांच्या ताब्यातील त्या लिफ्टने चालू न शकणाऱ्यांना खाली आणता येते. तोवर त्यांनी थांबायचे कोठे, याचे उत्तर म्हणजेच रेफ्यूज एरिया. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार 24 मीटरपेक्षा उंच इमारतीत सर्वसाधारणपणे ही जागा ठेवावी लागते आणि तिचे क्षेत्रफळ माणशी 0.3 चौरस मीटर धरून काढले जाते. केवळ जवानांसाठी असती, तर रहिवाशांची डोकी मोजण्याचे कारण काय? मावशीच्या इमारतीत या जागेला कुलूप आहे आणि आत गणपतीच्या मखराचे सामान भरलेले आहे.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ‘खासगी आस्थापना’ या संज्ञेची व्याख्या दिलेली आहे आणि तीत कंपनी, फर्म यांच्याबरोबर सहकारी संस्थेचे नावही स्पष्टपणे आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 44 नुसार कोणत्याही आस्थापनेच्या नव्या बांधकामाचा आराखडा सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांना सहज वावरता यावे यासाठीच्या, नियमांत बसत नसेल तर त्याला परवानगी देता येत नाही. जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम करण्याची कलम 45 मधील सक्ती सार्वजनिक इमारतींपुरती आहे, त्यामुळे जुन्या निवासी इमारतींबाबत संदेशलेखकाला थोडी पळवाट उरते, हे नाइलाजाने मान्य. पण महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा ती पळवाट अरुंद करतो, कारण इमारतीतील अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. कुलूपबंद रेफ्यूज एरिया चालू स्थितीत कसा धरायचा, हे संदेश पुढे ढकलणाऱ्या सेक्रेटरींनी सांगावे.

खर्चाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, दिवस भरलेल्या गर्भवती आणि हृदयरोगीही येतात. तेव्हा ‘एकदोन रहिवासी’ हा हिशेबच चुकीचा आहे. कुलूप काढायला पैसे लागत नाहीत. रेफ्यूज एरियाच्या दाराशी मावशीच्या चाकांना अडवणारा उंबरा दोन इंचांचा आहे, आणि एक इंच उंचीला बारा इंच लांबी या मान्य प्रमाणाने त्याला दोन फूट लांबीचा उतार पुरतो, जो कोणताही गवंडी एका दुपारी घालून देईल.