आराखडा म्हणे सगळ्यांचा!

दरवर्षी तेच. शाळा विकास आराखडा तयार होऊनच येतो आणि आम्हा शिक्षकांपुढे फक्त सहीसाठी फिरतो. बरेचदा गेल्या वर्षीचाच, तारीख बदललेला. अहो मुख्याध्यापक सर, सहावी ते आठवीच्या वर्गांत दिवसभर उभे आम्ही असतो ना? सातवीत कोणाला अजून अपूर्णांक जमत नाहीत, कोणत्या मुलीची शाळा आठवीनंतर बंद करायचं घरात घाटतंय, हे आम्हाला ठाऊक असतं. एकदा तरी विचारा! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार हा आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो आणि तिच्यात ७५ टक्के पालक हवेत. त्या पालकांनाही सहीपुरतंच बोलावतात.

मुख्याध्यापकांची ओढाताण मला दिसते. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी आकडेवारीची माहिती, व्हॉट्सअ‍ॅपवर 'आजच पाठवा' म्हणून येणारे आदेश. जीव जातो त्यात, मान्य. पण महिन्यातून एक तास फक्त मुलांबद्दल बोलायला मिळू नये? बैठकीत परिपत्रकं वाचायची, 'काही शंका?' विचारायचं आणि उठायचं. शंका नाहीत सर, आम्हाला काही सांगायचंय. ऐकायला कधी बसणार?