'भावी पोप' फ्लेक्स लावण्यापूर्वी

तुमच्या जवळचे कार्डिनल (पोपची निवड करणारे ज्येष्ठ धर्मगुरू) पोप व्हावेत अशी तळमळ असेल, तर आधी चौकातला फ्लेक्स उतरवा. 'भावी' नगरसेवकाला शोभतं, व्हॅटिकनमध्ये त्यानेच घात होतो. पोप हयात असताना वारसाच्या निवडीची खलबतं करायला चर्चच्या नियमांत मनाई आहे. मतांसाठी शब्द दिला-घेतला, तर धर्मबहिष्कार आपोआप लागतो. कारणे दाखवा नोटीससुद्धा येत नाही. गादी रिकामी झाल्यावर विचारविनिमयाला मात्र परवानगी आहे. तेव्हा साहेबांना भरपूर विचारविनिमय करू द्या. तुम्ही मध्ये पडू नका.

उमेदवारी अर्ज कुठे मिळतो, हे विचारू नका. तो नसतोच. खरं तर निवडून यायला कार्डिनल असण्याचीही अट नाही, पण 1378 नंतर कार्डिनलांखेरीज कुणाची डाळ शिजलेली नाही. अट आहे ती मतदाराच्या वयाची: 80 पूर्ण झाली की मत गेलं. मुंबईचे ऑस्वाल्ड ग्रेशियस 24 डिसेंबर 2024 रोजी 80 वर्षांचे झाले आणि पोप फ्रान्सिस वारले 21 एप्रिल 2025 रोजी. चार महिन्यांनी मत हुकलं.

आता आकडे. 2025 मध्ये मतदार 133, निवडून यायला 89 मतं लागत. गोव्याचे फेर्राव, हैदराबादचे पूला, तिरुवनंतपुरमचे क्लेमिस आणि व्हॅटिकनमध्येच असलेले कूवाकाड, असे भारतीय चार. चौघांचा गट बांधून किंगमेकर व्हायचा बेत आखणाऱ्याने 89 मधून 4 वजा करून बघावेत. पैजाही लावू नका. 1591 मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी पोपच्या निवडीवरच्या सट्ट्याला बहिष्काराची शिक्षा ठेवली होती. आता ती नसली तरी खिशाला बसायची ती बसतेच. गेल्या खेपेला सगळीकडे पारोलिन आणि ताग्ले या कार्डिनलांची नावं चालली होती, पोप होऊन बाल्कनीत आले प्रिव्होस्ट.

संबोधनात खरी परीक्षा आहे. 'फादर' म्हणालात तर साहेब हसून सोडून देतील. 'युअर ग्रेस' म्हणालात तर त्यांना पुन्हा नुसतं आर्चबिशप केलंत. बरोबर संबोधन 'युअर एमिनन्स', पाकिटावर 'हिज एमिनन्स'. पोप अर्बन आठवे यांनी 1630 मध्ये तसं ठरवून दिलं. जुन्या रिवाजाने 'कार्डिनल' हा शब्द नाव आणि आडनावाच्या मध्ये बसतो: ऑस्वाल्ड कार्डिनल ग्रेशियस. हे वाचून प्रूफ तपासणारा तो उचलून पुढे नेतो, त्याला आवरा. आणि चार लोकांत लाडाने 'युअर होलिनेस' अजिबात नको. कॅथलिक चर्चमध्ये तो मान फक्त पोपचा. त्याने साहेबांचं जितकं नुकसान होईल तितकं विरोधकांनाही जमणार नाही.

फ्लेक्सवर बोधचिन्ह टाकणार असाल तर गोंडे मोजा. चिन्हातली कार्डिनलांची टोपी लाल, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गोंडे. आर्चबिशपची हिरवी, दहा-दहा. डिझायनर खाली शुभेच्छुकांचे फोटो बसवायला गोंड्यांची शेवटची ओळ छाटतो. त्या ओळीत एका बाजूचे पाच गोंडे असतात, म्हणजे साहेब थेट दहावर.

मतदानाला बूथ एजंट नेमायची सोय नाही. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात लॅटिन मजकूर छापलेला, खाली नाव लिहायचं. अक्षर शक्यतो आपलं वाटू नये, पण वाचता यावं. दोन घड्या घालून कागद सर्वांना दिसेल असा उंच धरत वेदीपर्यंत न्यायचा, तबकात ठेवायचा, तबक पात्रात रिकामं करायचं. मतं मोजणाऱ्या तपासनिसांपैकी तिसरा नाव मोठ्याने वाचतो आणि 'एलिगो' ('मी निवडतो') या छापील शब्दातून सुई आरपार घालून कागद दोऱ्यात ओवतो. मग सगळी माळ जाळली जाते. फेरमोजणी कसली मागता?

त्या जाळण्याचा धूर काळा असेल तर निवड झालेली नाही, पांढरा असेल तर झाली. काळा धूर दिसला की फटाके लावू नका. त्यात पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक असतं, साहेब नसतात. पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि राळ. तो दिसला तरी छापखान्याला फोन करायची घाई नको, कारण साहेब निवडून आले असले तरी त्यांचं नाव बदललेलं असणार. प्रिव्होस्ट आता लिओ चौदावे आहेत. नाव इतिहासात पहिल्यांदाच येत असेल तर बहुधा क्रमांक नसतो, जसे फ्रान्सिस हे नुसतेच फ्रान्सिस होते. 'पहिले' छापलंत तर ते खोडायला वरून स्टिकर लावावा लागेल, आणि त्याचे पैसे छापखानावाला वेगळे घेतो.