कोवळा असताना बोलवायचं की

गेल्या आयतारी सकाळी साडेसातला मी हातात खुरपं घेऊन माझ्याच दारात उकिडवा बसलो होतो, आणि शेजारच्या मावशीने मला मूर्ख ठरवलं. शब्द तिने उच्चारला नाही. गरजच पडली नाही तिला.

लॉनची हौस कोणाची, पैसे कोणाचे, हे विषय घरात बंद आहेत. गोव्यात, फोंड्यात, चिऱ्यांच्या गडग्याच्या आत, ३०० चौरस फूट ‘मेक्सिकन’ गवत आहे, एवढं पुरे. नर्सरीवाल्याने चटया आणून अंथरल्या आणि चटयांच्या बुडाच्या मातीतून लव्हाळा फुकट दिला. तक्रार केली तर म्हणतो, “पावसाचं येतंच ते.” आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातून लव्हाळा पडताना मी तरी पाहिलेला नाही.

लव्हाळा म्हणजे नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात असतो तोच, म्हणजे विकत घेताना औषधी आणि दारात उगवला की दरिद्री. दांडा बोटांत फिरवला तर तीन कडा लागतात. तो ओढला की ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि पातं हातात येतं. जमिनीखालच्या काळ्या गाठींची माळ तशीच राहते. वरचं पातं गेलं की झोपलेल्या गाठी जाग्या होतात. सोमवारी एक उपटला, शुक्रवारी त्या जागी तीन. औषध विचारायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, ग्लायफोसेट हे तणनाशक २०२२ पासून कीडनियंत्रणवाल्यांनीच मारायचं असा केंद्राचा नियम आहे, आणि तसंही ते मारलंत तर लव्हाळ्याबरोबर लॉनही जाईल. म्हणून खुरपं. म्हणून कंबर.

तर मावशी. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात साडीच्या दुकानाची जुनी पिशवी. श्रावणातल्या आयतारांच्या पूजेला पत्री हवी असते, ती शोधत फिरत होती. ती कोंकणीत बोलते, मी मराठीत उत्तर देतो, गेली तीस वर्षं आमचं असंच चाललंय आणि भांडणसुद्धा कुठे अडलेलं नाही.

“कितें काडटा रे?”

“तण काढतोय, मावशी.”

तिने मी उपटून टाकलेल्या ढिगाकडे पाहिलं. मग खाली बसली आणि तो ढीग, पोलीस पंचनामा करतात तसा, एकेक काडी उचलून तपासू लागली. दुर्वा निघाल्या. आघाडा निघाला. भुईआवळी निघाली. प्रत्येक वस्तू वर धरायची, माझ्याकडे बघायचं, पिशवीत टाकायची.

“दुर्वा उपटून टाकतोस? चवथ महिन्यावर आलीय!”

“मावशी, लॉनमध्ये ते तण असतं.”

“म्हणजे गणपतीला आम्ही तण वाहतो?”

यावर काय बोलणार? परदेशात याच दुर्वांना बर्म्युडा गवत म्हणतात आणि गोल्फच्या मैदानावर मुद्दाम लावतात, असं मी वाचलेलं होतं. ते सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हा मुद्दा तिच्याच बाजूचा आहे. तोंड मिटलं.

मग ढिगाच्या तळातून तायकिळो निघाला. मराठीत टाकळा. कमरेएवढा झालेला, रोप कसलं, झुडूपच. मावशीचा चेहरा खरोखर उतरला.

“एवढा होईपर्यंत काय करत होतास?”

“काही नाही. वाढू दिला.”

“कोवळा असताना बोलवायचं की! जूनमध्ये फणसाच्या आठळ्या घालून भाजी केली असती. बाजारात जुडीला पैसे मोजले मी. आणि इथे हा पोसतोय. झाडं पोसतोय!”

म्हणजे माझा गुन्हा तण उपटण्याचा नव्हता, उशिरा उपटण्याचा होता. गंमत म्हणजे आमच्या हिचंही म्हणणं तेच आहे, फक्त भाजीशिवाय.

मध्येच माझं बोट लाजाळूच्या काट्यात गेलं. ही वनस्पती मुळात अमेरिकेतली. हात लावला की पानं मिटून अंग चोरते आणि देठाखालून टोचते. असे एक-दोन नातेवाईक आमच्याकडेही आहेत, पण ते असो.

खरं तर मला रागवायचं होतं. माझ्या फाटकात येऊन माझीच झडती! पण मावशी पूर्वी माझ्याकडे येत नसे. गल्लीच्या टोकाला मोकळी जागा होती, तिथे सगळं मिळायचं. आता तिथे चार मजली इमारत आहे. फ्लॅट सगळे विकले गेलेत आणि वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतात. आवारात फरशी. फरशीवर रोज सकाळी पाणी मारतात. आमच्या नळाला दिवसाआड येतं, त्यांना टँकर. अख्ख्या गल्लीत रान म्हणावं असं आता माझं लॉनच उरलंय, आणि तेही मला नको असताना. यात विनोदी काय आहे, ते मी अजून शोधतोय.

पिशवी भरली. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि उठता उठता, उपकाराची फेड म्हणून असेल, तिने माझ्या मेक्सिकन गवताचा वीतभर तुकडा मुठीत धरून ओढला. तो अलगद, मुळांसकट, गालिच्याचा कोपरा उचलावा तसा आला.

“हें पळे,” ती म्हणाली, “ही घाण किती सोपी निघते. ही काढ आधी.”

पुढच्या आयतारी येते म्हणाली. तोवर फाटकाजवळच्या दुर्वांना हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे. तुकडा मी परत बसवला, वरून पायाने दाबला, पाणी घातलं. आज बघितलं तर चार बाजूंच्या फटींतून लव्हाळ्याची चार पाती वर आली आहेत, टोकदार आणि हिरवीगार.