बागेतला संशयित इसम

महापालिकेच्या बागेत सकाळी माणसाने काय करावं, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी पक्कं ठरलेलं आहे. ट्रॅकवर गोल फिरावं, झाडाला पाठ घासावी, हास्यक्लबात हात वर करून गडगडाटी हसावं, बाकावर बसून सुनेचा विषय काढावा. यातलं काहीही केलं तरी कोणी वळून बघत नाही. पण एका जागी गप्प उभं राहून उंबरावरचे पक्षी बघायचं ठरवलं, की पाचव्याच मिनिटाला कोणीतरी विचारतं, "बरं वाटतंय ना?" पुण्यातल्या बागांत पक्षी भरपूर दिसतात. त्यांच्याहून जास्त आपण दिसतो, खरी पंचाईत तिथे आहे.

त्यात गळ्यात दुर्बीण. ती 8×42 ची घ्यावी, असं मी विचारेल त्याला सांगतो. 8 म्हणजे आठपट मोठं आणि 42 हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार 10×50 पुढे करतो आणि आकडे मोठे म्हणून आपणही खूश होतो. मात्र पक्ष्याबरोबर हाताची थरथरही दहापट होते, वजन वाढतं आणि नजरेचा घेर आक्रसतो. बागेतला शिंपी पक्षी दहा-बारा मीटरवर असतो आणि एका काडीवर दोन सेकंद टिकत नाही. घेर लहान असला की तो गेलाच.

जुळवणी घरूनच करून यावी. दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत मधली बिजागरी हलवायची. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं करायचं. मग डावा मिटून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. चष्मेवाल्यांनी डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या खाली करायच्या, नाहीतर बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं. हे सगळं लांबच्या एखाद्या पाटीवर जमतं. 'शिवणक्लास, दुसरा मजला' ही पाटी उत्तम, फक्त क्लास सुरू असताना नको.

इथून इमारतींचा विषय निघतो. बागेच्या चारही बाजूंना बाल्कन्या असतात आणि दयाळ पक्ष्याला गाण्यासाठी नेमका तिसऱ्या मजल्याचा पाइप आवडतो. मार्च ते जूनमध्ये नर तिथून पहाटे भान हरपून गातो. खाली उभं राहून त्याच्यावर दुर्बीण रोखलेल्या माणसाबद्दल चौथ्या मजल्याचं मत काय होत असेल, ते सांगायला नको. उपाय तीन. शक्यतो इमारतींकडे पाठ करावी, पक्ष्यांचं पुस्तक मुखपृष्ठ बाहेर दिसेल असं धरावं आणि दुर्बीण खाली घेताना स्पष्ट आवाजात "दयाळ, नर!" असं म्हणावं. तिसरा सगळ्यात खात्रीचा.

आता तांबट. टुक्-टुक्-टुक् असा एका लयीतला आवाज अख्ख्या बागेत घुमतो आणि प्रत्येक जण वेगळ्या झाडाकडे बोट दाखवतो. दोष बोटांचा नाही. हा चिमणीपेक्षा जेमतेम मोठा हिरवा पक्षी चोच बंद ठेवून ओरडतो आणि ओरडताना मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज जागा बदलत असल्याचा भास होतो. कानांवर भरवसा न ठेवता उघड्या शेंड्यांच्या वाळक्या काड्या बघाव्यात, सकाळच्या उन्हात तो तिथेच बसतो. सापडला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आधी दुर्बिणीकडे बघून मग वर बघणाऱ्याला पान, पान, पुन्हा पान आणि शेवटी जॉगिंगवाल्याचा कान दिसतो.

सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे पिकलेला वड, पिंपळ किंवा उंबर शोधून तिथे अर्धा तास ठाण मांडणं. साळुंक्या, बुलबुल, कोकीळ येतात, नशीब असेल तर राखी धनेशही. आपला राज्यपक्षी हरियाल इथेच भेटतो, म्हणजे असतो, दिसत नाही. पिवळे पाय आणि पानांत मिसळणारा हिरवट-करडा रंग घेऊन तो चाहूल लागली की थिजून बसतो. तुम्ही चार मोजता, तेवढ्यात हास्यक्लबाचा तिसरा 'हा हा हा' होतो आणि वीस उडतात.

हिवाळ्यात वटवटे येतात, तेव्हा खरी परीक्षा. हिमालयाकडून आलेले हे मुठीत मावणारे हिरवट जीव शेंड्याच्या पानांआड फिरत राहतात आणि ओळख असते पंखावरच्या एका पुसट पट्टीवर. झाडाखाली उभं राहून बघितलं तर मान धरते. झाडाची उंची जेवढी, तेवढं मागे सरावं. 12 मीटरचं झाड 12 मीटरवरून बघताना मान साधारण 40 अंशच वर जाते. मागे सरताना ट्रॅक लागतो, तिथे शिव्या खायची तयारी हवी.

नोव्हेंबरात 5 ते 12 पक्षी सप्ताह असतो, निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात एका झाडाखाली तीस माणसं जमतात. पक्षी समजूतदारपणे शेजारच्या सोसायटीत जातात.

इतर दिवशी भेटतात ते आजोबा. "मोर येतो का हो इथे?" ही सुरुवात. भारद्वाज दिसला तर ते थांबून नमस्कार करतात, कारण तो शुभ. वटवट्याला हा मान नाही. मग ते दुर्बीण मागतात. नाही म्हणू नये, पण पट्टा आधी त्यांच्या गळ्यात घालावा आणि मगच दुर्बीण हातात द्यावी. ते ती उलटी धरतील, मोठ्या भिंगातून बघतील आणि म्हणतील, "फार लांब दिसतंय हो!" सुलटी करून दिलीत तर दिसेल ते सगळं फिरवतील. बिजागरी पुन्हा क्षणात जुळते, उजवी कडी जुळत नाही. तिच्यावर आपल्या नंबराची खूण करून चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवावा.