‘समुपदेशक सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचं’? अजिबात नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘समुपदेशक म्हणजे डॉक्टरच. पेशंटनं मुकाट्यानं ऐकावं, प्रश्न विचारले की उपचार बिघडतात. बोलायचं ते घरच्यांनी बोलावं. गुण आला नाही तर पेशंटच मनावर घेत नाही असं समजावं.’ यामुळं माणसं उपचार अर्ध्यावर सोडतात, म्हणून लिहितोय.

प्रश्नांनी उपचार बिघडत नाहीत. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की थेरपी तीन गोष्टींवर उभी राहते: ध्येयाबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि दोघांतला विश्वास. पुढच्या संशोधनातही हे नातं चांगलं असेल तिथं गुण जास्त येतो, असंच दिसलं. एकमत व्हायचं तर दोघांनी बोलायला नको?

आपल्या भागात हा प्रश्न आधी भाषेचा आहे. खेड्यातली सून येते, समोर कन्नडमधला फॉर्म, ‘इथं सही कर’ म्हटलं की ती करते. काय विचारलं तर उत्तर सासूबाई देतात. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते. ही संमती नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय माणसाला समजेल अशा भाषेत सांगूनच संमती घ्यावी लागते. मराठीत समजावून मागणं म्हणजे सीमावादाचं राजकारण नव्हे, तो हक्क आहे. घरच्यांची साथ हवीच. पण उपचाराच्या निर्णयात सज्ञान माणसाचा प्रतिनिधी कोण, हे त्याच कायद्यानुसार त्या माणसानं स्वतः ठरवायचं असतं.

‘पेशंटनंही ठरवायचं, तर मग समुपदेशक फी कशाची घेतात?’ असंही कुणी विचारतं. अधिकार वाटून घेतला म्हणून समुपदेशकाची जबाबदारी कमी होत नाही. गुप्तता पाळणं, खासगी संबंध न जोडणं, जिवाला धोका दिसला तर पावलं उचलणं हे त्याच्याच अंगावर. पेशंटकडं येतं ते खरं सांगणं, ठरलेला सराव करणं आणि जमत नसेल तर तसं बोलून दाखवणं.

गुण येत नसेल तर पद्धत चुकली का, ध्येय चुकलं का, हे दोघांनी तपासायचं. तरी जमलं नाही तर समुपदेशक बदलावा, त्यात कसली बेइमानी? तोवर सरकारच्या टेलि-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सेवेचा, १४४१६ हा मोफत नंबर आहे. तिथं फोन केल्यावर भाषा निवडता येते. मराठी मागून घ्या.